सिल्वासाची शब्दयादी आणि सी भाषेचा कंपायलर

संगणकावरील मराठी हा विषय निघाला की चर्चा बहुधा फाँट, कळफलक आणि युनिकोड यांपाशी थांबते. अक्षर पडद्यावर नीट दिसले म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो. परंतु शब्दकोशासाठी शब्द वेगळे काढणे, वारंवारता मोजणे, अकारविल्हे लावणे, दोन याद्या ताडून पाहणे ही भाषेच्या अभ्यासकाची रोजची कामे अक्षर दिसण्याच्या पुढची आहेत. ती करणारी आज्ञावली मजकुराकडे आकड्यांची रांग म्हणून पाहते. त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हे आज्ञावली लिहिणारा ठरवतो, आणि काही अंशी कंपायलरही ठरवतो. म्हणूनच एकच आज्ञावली एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्या यंत्रावर चूक उत्तर देऊ शकते. हे का घडते आणि कसे दुरुस्त करावे, ते सी भाषेच्या आधारे या लेखात पाहू.

सी भाषा निवडण्याचे कारण सरळ आहे. लिनक्सचा गाभा, अक्षरांचे आकार पडद्यावर उमटवणारे फ्रीटाइप, मोबाइलमध्ये सर्रास वापरले जाणारे एसक्यूलाइट हे माहितीभांडार, ही सारी सीमध्ये लिहिलेली आहेत. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी शिकतो ती पहिली संगणकभाषाही बहुधा सीच असते. साहजिकच भाषेच्या कामासाठी एखाद्या प्राध्यापकाने वा विद्यार्थ्याने हाताने लिहिलेली छोटी आज्ञावली पुष्कळदा सीमध्येच असते.

एक उदाहरण

दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठिकाण सिल्वासा. या प्रदेशाला एकीकडून गुजरातचा वलसाड जिल्हा आणि दुसरीकडून महाराष्ट्राचे पालघर व नाशिक जिल्हे लागून आहेत. बाजारात मराठी, गुजराती आणि हिंदी कानावर पडते. गावपाड्यांत वारली, धोडिया, कोकणा या बोली आहेत. या बोलींतील शब्द कोणी देवनागरीत लिहून ठेवतो, तर कोणी गुजराती लिपीत. अशा ठिकाणी शब्दसंग्रह करणाऱ्याच्या यादीत दोन्ही लिप्या शेजारी शेजारी येणार.

समजा, अशी एक यादी तयार आहे आणि देवनागरीतील शब्द किती, गुजराती लिपीतील किती, एवढेच मोजायचे आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठते. पहिला बाइट दोन्ही लिप्यांत २२४ असतो. दुसरा बाइट देवनागरीसाठी १६४ किंवा १६५ आणि गुजरातीसाठी १७० किंवा १७१ असतो. तेव्हा आज्ञावलीत एवढीच अट घातली की पुरे : शब्दातील दुसरा बाइट १६५पेक्षा मोठा असेल तर गुजराती, नसेल तर देवनागरी. तर्क अगदी बिनचूक आहे.

ही आज्ञावली रॅस्पबेरी पायसारख्या एआरएम चिपच्या लिनक्स यंत्रावर चालवली, तर उत्तर बरोबर येते. तीच नेहमीच्या इंटेल संगणकावर जीसीसीने संकलित करून चालवली, तर यादीतील एकूण एक शब्द देवनागरीत जमा होतो आणि गुजराती शब्दांची संख्या शून्य येते. आज्ञावली मध्येच बंद पडत नाही की पडद्यावर तक्रार उमटत नाही. एक स्वच्छ, नीटनेटका आणि साफ चुकीचा आकडा मिळतो.

कारण असे. सीमधील ‘कॅरॅक्टर’ हा प्रकार एक बाइट साठवतो. पण त्या बाइटमधील आकडा चिन्हसहित समजायचा, म्हणजे −१२८ ते १२७, की चिन्हविरहित, म्हणजे ० ते २५५, हे सीच्या प्रमाणाने ठरवून दिलेले नाही. तो निर्णय कंपायलरकडे सोपवला आहे. इंटेलवरील जीसीसी तो चिन्हसहित धरतो. त्यामुळे १७० हा बाइट त्याला −८६ दिसतो आणि १६४ हा −९२. दोन्ही १६५पेक्षा लहानच, म्हणून अट कधीच खरी ठरत नाही. एआरएमच्या लिनक्सवर हाच प्रकार चिन्हविरहित धरला जातो, म्हणून तिथे सारे सुरळीत चालते. हा फरक केवळ चिपचा आहे असेही नाही : ॲपलच्या एआरएम संगणकांवर तोच प्रकार चिन्हसहित असतो.

इंग्रजी मजकुराला या फरकाची झळ लागत नाही. इंग्रजीची अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे १२७च्या आत संपतात आणि तिथपर्यंत दोन्ही अर्थ एकच असतात. इंग्रजी यादीवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली आज्ञावली मराठी वा गुजराती यादी समोर येताच चुकते. दोष पहिल्यापासून तिच्यात होता. तो उघड करील असा मजकूर तिच्यापुढे आला नव्हता.

प्रमाणाने काय सांगितले, काय सोडले

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक आले आणि पुढे दहाएक वर्षे तेच व्यवहारात प्रमाण मानले गेले. १९८९ साली अमेरिकेचे आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

हे प्रमाण ठरले तेव्हा निरनिराळ्या घडणीच्या यंत्रांवर सी आधीच चालत होती. प्रत्येक यंत्रावर वेगाने चालता यावे म्हणून प्रमाणाने काही गोष्टी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. त्यांचे तीन वर्ग आहेत आणि दुरुस्तीला बसण्यापूर्वी ते ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पहिल्या वर्गातील गोष्टी कंपायलरने आपल्या सोयीने ठरवायच्या, पण काय ठरवले ते आपल्या माहितीपुस्तिकेत लिहून द्यायचे. कॅरॅक्टर चिन्हसहित की चिन्हविरहित, इंट हा प्रकार किती बाइटांचा, हे या वर्गात येते. दुसऱ्या वर्गात अनेक योग्य पर्यायांपैकी कोणताही एक निवडण्याची मुभा असते आणि तो सांगण्याचेही बंधन नसते. फलनाला दिलेल्या पदांची किंमत कोणत्या क्रमाने काढायची, हे या वर्गातले. तिसऱ्या वर्गात प्रमाण कसलीच हमी देत नाही. ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिणे, चिन्हसहित पूर्णांक त्याच्या मर्यादेपलीकडे नेणे, असे काही केले तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. आज बरोबर आलेले उत्तर उद्या कंपायलरची नवी आवृत्ती आल्यावर बदलू शकते.

भाषेच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. प्रमाणभाषा सर्वांना समान असते आणि तिच्या भोवती प्रत्येक भागाच्या लकबी असतात. लकब वाईट नसते. मात्र आपण जे बोलतो त्यातले किती सर्वत्र समजेल आणि किती केवळ आपल्या गावात, याचे भान दूरच्या माणसाशी बोलताना ठेवावे लागते. सी लिहिणाऱ्याची अडचण अशी की त्याच्या यंत्रावरचा कंपायलर लकब आणि प्रमाण हे दोन्ही सारख्याच तत्परतेने स्वीकारतो.

टर्बो सीचा वारसा

महाराष्ट्रातील आणि आसपासच्या प्रदेशांतील कित्येक पिढ्या बोरलँड या कंपनीच्या टर्बो सीवर ही भाषा शिकल्या. टर्बो सी १९८७ साली आला. साध्या यंत्रावर झटकन चालणारा, लिहिणे आणि चालवणे एकाच निळ्या पडद्यावर करू देणारा हा कंपायलर त्या काळी वरदानच होता. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ देशभर पोचले तेही याच काळात. डॉस मागे पडल्यावरही अनेक प्रयोगशाळांत टर्बो सी टिकून राहिला. ६४-बिट विंडोजवर असे १६-बिट कार्यक्रम चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या आवरणात तो चालवला जाऊ लागला.

त्या काळातील आज्ञावल्या आज जीसीसी, क्लँग किंवा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर आणताना तीन ठिकाणी अडखळतात.

पहिले ठिकाण पडद्याचे. पडदा पुसणे, कळ दाबेपर्यंत थांबणे यांसाठी टर्बो सीची स्वतःची फलने होती आणि ती ‘कोनिओ’ या शीर्षक-फाइलमधून येत. ती सीच्या प्रमाणाचा भाग कधीच नव्हती. शब्द मोजणाऱ्या आज्ञावलीला पडदा पुसण्याची गरजही नसते; बहुतेक वेळा या ओळी काढून टाकणे हीच दुरुस्ती असते. गरज खरीच असेल, तर पडद्याशी संबंधित सारे काम एका स्वतंत्र फाइलमध्ये हलवावे आणि प्रत्येक प्रणालीसाठी तेवढीच फाइल बदलावी.

दुसरे ठिकाण आकड्यांच्या मापाचे. टर्बो सीत इंट दोन बाइटांचा होता आणि त्यात ३२,७६७पर्यंतचाच आकडा मावे. ५०,००० शब्दांची संख्या त्यात साठवली तर −१५,५३६ दिसे. नव्या यंत्रांवर इंट सहसा चार बाइटांचा असल्याने ही अडचण लपते, पण तिची भावंडे शिल्लक राहतात. ६४-बिट लिनक्सवर लाँग हा प्रकार आठ बाइटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर चारच बाइटांचा. एकीकडे लाँगवर विसंबून लिहिलेली आज्ञावली दुसरीकडे तोकडी पडते. १९९९च्या प्रमाणाने यावर नेमका उपाय दिला : नक्की १६, ३२ किंवा ६४ बिटांचे म्हणून जाहीर केलेले पूर्णांक-प्रकार. मजकुराची लांबी आणि ॲरेचे माप यांसाठी ‘साइझ-टी’ हा वेगळा प्रकार आहे. आकड्याला किती जागा लागते हे माहीत असेल तिथे तसे स्पष्ट लिहावे.

तिसरे ठिकाण परीक्षेतल्या त्या प्रसिद्ध प्रश्नाचे : एकाच प्रिंटएफमध्ये एकच चल दोनदा एकाने वाढवला, तर काय छापले जाईल? कैक प्रश्नपत्रिकांनी याचे एक ठरावीक उत्तर अपेक्षिले आहे. ते उत्तर टर्बो सीचे होते. सीच्या दृष्टीने हे वाक्य वर सांगितलेल्या तिसऱ्या वर्गात मोडते आणि त्याला योग्य असे उत्तरच नाही. अशी वाक्ये तोडून दोन करावीत. प्रश्नपत्रिकेतही त्याऐवजी ‘या वाक्यात दोष कोणता?’ असे विचारले, तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागेल.

उणे ठरलेली अक्षरे

आता पुन्हा मजकुराकडे वळू. युनिकोड रुळण्यापूर्वी भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ साली प्रमाणित केली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने, विशेषतः डॉसवरच्या संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाने, ती कार्यालयांपर्यंत पोचवली. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट लागतो आणि भारतीय चिन्हे १६१पासून पुढे येतात. ‘म’चा संकेत २०४ आहे. चिन्हसहित कॅरॅक्टरमध्ये तो −५२ होतो.

अक्षरांची वारंवारता काढताना २५६ घरांचा तक्ता करून ज्याचा जो संकेत त्या घरात एकाने भर घालावी, ही सर्वांत सोपी रीत. पण संकेत −५२ असेल, तर भर तक्त्याच्या आरंभापूर्वी ५२ घरे मागे पडते. तिथे दुसऱ्याच चलाची जागा असू शकते. आज्ञावली कोसळली तर नशीब म्हणायचे. न कोसळता चालत राहिली तर कुठला तरी असंबद्ध आकडा गुपचूप बदललेला असतो. अक्षर आहे का, अंक आहे का, असे विचारणारी सीची तयार फलनेही उणे आकड्यांसाठी बनलेली नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची तपासणी-आवृत्ती अशा वेळी आज्ञावली तिथेच थांबवते, आणि ते उपकारकच आहे.

यावर एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो. जीसीसीला कॅरॅक्टर सरसकट चिन्हविरहित धर असे सांगण्याचा पर्याय आहे. तो दिला की झाले. परंतु या उपायाने दुसरा दोष जागा होतो. फाइलमधून एकेक बाइट वाचणारे गेटचार हे फलन फाइल संपल्यावर एक उणे आकडा देते, बहुधा −१. अनेक आज्ञावल्यांत हे उत्तर कॅरॅक्टर प्रकारच्या चलात घेतलेले असते. कॅरॅक्टर चिन्हविरहित झाला की −१चा २५५ होतो, फाइल संपल्याचे आज्ञावलीला कधी कळतच नाही आणि ती अखंड फिरत राहते. म्हणजे ज्या आज्ञावलीत हे दोन्ही दोष आहेत, ती इंटेलवर चुकीचे मोजते आणि एआरएमच्या लिनक्सवर थांबतच नाही. पर्याय बदलून आपण फक्त कोणता दोष दिसावा ते ठरवतो.

खरी दुरुस्ती तीन नियमांची आहे. गेटचारचे उत्तर नेहमी इंट प्रकारच्या चलात घ्यावे. मजकुराचे बाइट तक्त्याचा क्रमांक म्हणून किंवा तुलनेसाठी वापरायचे असतील, तर ते स्पष्टपणे चिन्हविरहित कॅरॅक्टर म्हणून घ्यावेत. अक्षर-तपासणीच्या फलनांना बाइट देण्यापूर्वीही तोच बदल करावा. हे नियम पाळले की आपण सिल्वासाच्या यादीसाठी लिहिलेली अट प्रत्येक कंपायलरवर एकच उत्तर देते.

अक्षर म्हणजे किती?

‘सिल्वासा’ या शब्दात अक्षरे किती? शाळेतले मूल सांगेल, तीन : सि, ल्वा, सा. युनिकोडच्या हिशेबाने यात आठ चिन्हे आहेत : स, इकाराची वेलांटी, ल, हलन्त, व, काना, स, काना. सीचे स्ट्रलेन हे फलन यूटीएफ-८ मजकुरासाठी २४ सांगेल, कारण ते बाइट मोजते. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. गोंधळ होतो तो आपल्याला कोणता हवा हे न ठरवता मोजल्याने. शब्दासाठी ३१ बाइटांची जागा ठेवणाऱ्याला आपण केवळ दहा देवनागरी चिन्हांची सोय केली आहे, हे लक्षात येत नाही. अकरावे चिन्ह आले की शब्द कापला जातो, आणि बेतात चूक असेल तर चिन्हाच्या मध्येच कापला जातो.

एका चिन्हाला एक घर मिळावे म्हणून सीमध्ये ‘रुंद कॅरॅक्टर’ हा प्रकार आला. पण त्याचे मापही कंपायलरवर सोडलेले आहे : विंडोजवर दोन बाइट, लिनक्सवर चार. देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिप्या दोन बाइटांत मावतात, म्हणून इथे फरक दिसत नाही. मोडी लिपीत मात्र तो लगेच दिसतो. युनिकोडने २०१४ साली आपल्या ७.० या आवृत्तीत मोडीचा समावेश केला, पण तिचे संकेत ६५,५३५च्या पुढे आहेत. मोडीचे एक चिन्ह लिनक्सवर एक रुंद कॅरॅक्टर व्यापते, तर विंडोजवर दोन. जुन्या दप्तरांतील मोडी मजकूर संगणकावर आणू पाहणाऱ्याने रुंद कॅरॅक्टरवर विसंबून चिन्हे मोजली, तर विंडोजवर प्रत्येक मोडी चिन्ह दोनदा मोजले जाईल.

म्हणून फाइलमध्ये आणि आज्ञावलीत मजकूर सर्वत्र यूटीएफ-८ ठेवावा. चिन्हांची संख्या हवी तिथे बाइट उलगडून प्रत्येक चिन्ह नक्की ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात घ्यावे. विंडोजच्या फलनांना रुंद कॅरॅक्टरच हवे असतील, तर ते रूपांतर नेमके त्या वेशीवर करावे, आत नको. आज्ञावलीच्या स्रोतात मराठी शब्द लिहिलेले असतील, तर तो स्रोत यूटीएफ-८ आहे हे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला पर्याय देऊन सांगावे; नाहीतर तो त्या यंत्राच्या जुन्या संकेततक्त्याने वाचला जाऊ शकतो.

वाचकाच्या अर्थाने अक्षरे मोजायची असतील, तर स्वतः नियम रचण्यापेक्षा आयसीयू हे मुक्त फलन-भांडार वापरावे. तिथेही आवृत्ती नोंदवावी. युनिकोडच्या मूळ नियमांनुसार ‘ल्वा’सारखे जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे. २०२३च्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी आणि गुजरातीसह काही भारतीय लिप्यांसाठी ते अखंड धरले. जुन्या नियमाने ‘सिल्वासा’त चार घटक होते, नव्या नियमाने तीन. कंपायलर एकच असला तरी भांडार वेगळे असेल तर आकडा बदलतो.

फाइल दुसऱ्या यंत्रावर नेताना

आज्ञावलीपेक्षा तिने साठवलेली माहिती अधिक काळ टिकायला हवी. पण संपूर्ण नोंद स्मृतीत जशी आहे तशी फाइलमध्ये उतरवण्याची सवय ही माहिती एका यंत्राला बांधून ठेवते. एक बाइटाचा प्रकार आणि चार बाइटांचा क्रमांक अशी नोंद पाच बाइटांची असायला हवी. बहुतेक कंपायलर मध्ये मोकळी जागा सोडून ती आठ बाइटांची करतात. क्रमांकाचे बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे हेही यंत्रागणिक बदलते : इंटेल लहान टोक आधी ठेवते, जुनी स्पार्क यंत्रे मोठे टोक आधी ठेवत.

विंडोजवर आणखी एक खाचखळगा आहे. तिथे फाइल ‘मजकूर’ म्हणून उघडली की लिहिताना १० या बाइटच्या आधी १३ हा बाइट आपोआप घातला जातो, आणि वाचताना २६ हा बाइट आला की फाइल संपली असे समजले जाते. क्रमांक बाइटांच्या रूपात साठवले असतील, तर दहाव्या नोंदीपासून पुढची प्रत्येक नोंद एका बाइटने सरकते आणि सव्विसाव्या नोंदीपाशी वाचन थांबू शकते. लिनक्सवर असे काही होत नसल्याने तिथे लिहिणाऱ्याच्या हे स्वप्नातही येत नाही.

शब्दयादीसाठी सर्वांत टिकाऊ मार्ग साधा आहे. यूटीएफ-८ मजकूर, एका ओळीत एक नोंद, रकान्यांमध्ये टॅब, आकडे अंकांत लिहिलेले. वाचताना ओळीच्या अखेरचा १३ आणि फाइलच्या आरंभी काही संपादक घालतात ती २३९, १८७, १९१ ही खूण वगळावी. फाइलींची नावे एकाच पद्धतीने लिहावीत, कारण लिनक्स नावांतील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानते आणि विंडोज सहसा मानत नाही. बाइटांच्या रूपातच साठवणे भाग असेल, तर फाइल ‘बायनरी’ म्हणून उघडावी आणि प्रत्येक आकड्याचे बाइट ठरलेल्या क्रमाने एकेक करून लिहावेत.

दुरुस्तीची पद्धत

जुनी आज्ञावली हाती आली की लगेच ओळी बदलू नयेत. आधी उत्तर ठाऊक असलेली एक छोटी चाचणी-फाइल करावी : पाच देवनागरी शब्द, तीन गुजराती, दोन मोडी, एक इंग्रजी, एक रिकामी ओळ. हाताने मोजलेले आकडे शेजारी लिहून ठेवावेत. प्रत्येक बदलानंतर याच फाइलवर आज्ञावली चालवावी.

मग कंपायलरला प्रमाण सीचीच आवृत्ती मान आणि सर्व सूचना दाखव, असे सांगावे. लिपी ओळखणारी आपली चुकीची अट क्लँग आपणहून पकडतो, तर जीसीसी अधिक सूचनांचा पर्याय दिल्यावर पकडतो. ही तुलना कधीच खरी होणार नाही, असे तो सांगतो. सूचना म्हणजे चूक नव्हे, असे म्हणून ती दुर्लक्षिली जाते, आणि नेमके तिथेच शून्य गुजराती शब्दांचे मूळ असते. शक्यतो दोन वेगळे कंपायलर वापरावेत. एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसते.

यानंतर जीसीसी आणि क्लँगमधील चालतीवेळच्या तपासणीचे पर्याय लावावेत. ॲरेच्या हद्दीबाहेरचे लिहिणे आणि पूर्णांकाची मर्यादा ओलांडणे यांतील बहुतेक चुका त्यात ओळ-क्रमांकासह सापडतात. कॅरॅक्टरचे चिन्ह बदलणारा पर्यायही इथे कामाला येतो. एकाच इंटेल यंत्रावर आज्ञावली एकदा चिन्हसहित आणि एकदा चिन्हविरहित धरून संकलित करावी. दोन्ही वेळा चाचणी-फाइलचे उत्तर एकच आले, तर या बाबतीत आज्ञावली शुद्ध आहे असे मानायला आधार मिळतो. एआरएमचे यंत्र जवळ नसलेल्यालाही ही तपासणी करता येते. शेवटी, प्रत्येक प्रणालीसाठी वेगळे लिहावेच लागणारे भाग एका फाइलमध्ये एकत्र करावेत. ‘विंडोज असेल तर’ अशा अटी आज्ञावलीभर विखुरल्या की पुढच्या माणसाला त्या वाचताही येत नाहीत.

यासाठी लागणारी सर्व साधने फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे पाठ जीसीसीवर घेतलेले आहेत आणि त्यांतील पाठ मराठीतही ऐकता येतात.

हे कोणासाठी?

इंग्रजीसारख्या भाषेची आज्ञावली चुकली, तर ती दुरुस्त करायला जगभर माणसे आहेत. मराठीच्या बाबतीत ती कमी आहेत. वारली, धोडिया किंवा कोकणा शब्दसंग्रहाच्या बाबतीत पुष्कळदा एकच माणूस असतो : ज्याने तो गोळा केला तो. त्याच्या यंत्रावर चालणारी आज्ञावली आणि तिने साठवलेली फाइल एवढीच त्या कामाची प्रत असते. यंत्र बदलले आणि फाइल उघडली नाही, तर पाड्यापाड्यांवर हिंडून, वृद्धांशी बोलून जमवलेले शब्द पुन्हा जमवावे लागतील, आणि ते सांगणारी माणसे तोवर असतीलच असे नाही. फाइल उघडली पण आकडा चुकला, तर हानी वेगळ्या प्रकारची. ‘या यादीत गुजराती लिपीतील शब्द शून्य’ असे एकदा छापले गेले की ते पुढच्या निबंधात उद्धृत होते, आणि मूळ यादी कोणी पुन्हा मोजत नाही.

सिल्वासातही पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे, तलासरी-डहाणूकडेही महाविद्यालये आहेत, आणि सर्वत्र सीचे प्रात्यक्षिक होते. त्या प्रात्यक्षिकात आलटून पालटून इंग्रजी वाक्यातील स्वर मोजण्याऐवजी एकदा मराठी आणि गुजराती शब्दांची मिश्र यादी द्यावी, आणि तीच आज्ञावली दोन कंपायलरांवर चालवायला सांगावी. उत्तरे जुळली नाहीत, तर तास सत्कारणी लागला असे समजावे. त्या दिवशी विद्यार्थ्याला सीचे प्रमाण उघडून पाहण्याचे कारण मिळेल, आणि त्याच्या भाषेची अक्षरे यंत्रात कशी राहतात हेही तो प्रथमच पाहील.